शेराच्या कुंपणातली फट

आमच्या वाचनमंडळाचा नियम एकच. पुस्तक पुरतं वाचल्याशिवाय कुणी त्यावर तोंड उघडायचं नाही. पेरेझ तो दर वेळी मोडायची. ती किसुमूच्या बाजारात सुकी मासळी विकते. पुस्तकाचं पहिलं पान आणि शेवटचं पान वाचते आणि मधलं सगळं मनाने रचते. पुष्कळदा तिचं रचलेलंच बरं असतं.

आम्ही सगळ्या सासुरवाशिणी, म्हणून एकमेकींना माहेरच्या मुलखाने हाका मारतो. मी सेमेची लेक. रिस्पा हे माझं नाव शाळेतून निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या फळ्यावरच राहून गेलं. पेरेझ अलेगोची लेक. आणि अदेरो, आमच्यात सगळ्यात लहान, नुकतीच बाळंत झालेली, ती साक्वाची लेक.

शनिवारी दुपारी माझ्या पडवीत आम्ही जमायचो. समोर सरोवर. त्या दिवशी वारा पडला होता. पाण्यावर चिलटांसारख्या बारीक माश्यांच्या थव्यांचे खांब उभे राहिले होते, दुरून धुरासारखे दिसणारे, आणि ते इतके निश्चल होते की पाण्यात कुणीतरी चुली पेटवून ठेवल्यात असं वाटावं.

त्या महिन्याची कादंबरी जुन्या काळातली होती. आगगाडी पहिल्यांदा सरोवराच्या काठाला येऊन फुंकार टाकत थांबली, त्या दिवसांतली एक बाई. अविती तिचं नाव. मडकी घडवणारी. नवऱ्याकडे नांदली, कूस उजवली नाही, आणि एक दिवस स्वतः घडवलेला घडा डोईवर घेऊन भावांच्या दारात परत आली. भावांनी तोंड फिरवलं. गावाने बोल लावले. शेवटच्या पानावर ती पहाटेची सरोवरात चालत जाते, आणि पाणी तिच्यावर पांघरूण घालावं तसं मिटतं. लेखिका नैरोबीची, पण लिहिलं होतं असं की वाचताना पायाला गार लागत होतं. आम्ही सगळ्याजणी रडलो होतो. पेरेझ सगळ्यात जास्त, कारण तिने तेवढंच वाचलं होतं.

अदेरो मात्र बाळाला मांडीवर हलवत बसली होती. बाळ रडत होतं. जन्मापासून रडत होतं. दूध दोन घोट घ्यायचं आणि पुन्हा रडायचं. आमच्याकडे तान्ह्याला नाव ठेवत नाहीत, तान्हं स्वतःच नाव मागून घेतं. घरातलं गेलेलं कुणी स्वप्नात येऊन सांगतं, नाहीतर बाळ रडू लागतं आणि बायका एकेका गेलेल्याचं नाव घेत जातात. ज्या नावाला रडं थांबेल ते त्याचं. अदेरोच्या सासरच्या सगळ्या गेलेल्या बायका बोलावून झाल्या होत्या. सासूची आई, चुलतसासू, धरण फुटलं तेव्हा वाहून गेलेली एक आत्या. पोर कुणालाच ओ देत नव्हतं आणि दिवसेंदिवस हलकं होत चाललं होतं.

अदेरोला मी विचारलं, तुला कशी वाटली कादंबरी?

"शेवट खोटा आहे," ती म्हणाली.

"कादंबरीच ती," पेरेझ म्हणाली. "खरं हवं असेल तर चौकीत जा आणि पंचनामा वाच."

"ती पाण्यात गेलीच नाही, अलेगोची लेक. ती उभी आहे."

मग तिने जे सांगितलं ते सांगताना तिचा आवाज जराही वर चढला नाही. बाळ झाल्यापासून, दुपारी जरा डोळा लागला तरी, तिला एक बाई दिसते. शेराच्या झुडपांच्या कुंपणाबाहेर उभी. पाठमोरी. डोईवर घडा. घड्याच्या गळ्याशी अंगठ्याच्या नखाने उमटवलेल्या चंद्रकोरींची ओळ, आणि त्यातली एक कोर उलटी. ती बाई वळत नाही. एवढंच विचारते, हे खाली ठेवू का? अदेरो उत्तर द्यायला जाते तोवर जाग येते, आणि मान अशी अवघडलेली असते की जणू रात्रभर घडा तिच्याच डोईवर होता. मग ही कादंबरी हातात आली. अवितीच्या घड्याचं वर्णन आलं. चंद्रकोरी. एक उलटी.

"हे वाचण्याआधी दिसत होतं तुला?" मी विचारलं.

"आधी. पुस्तक तर तुम्ही नंतर दिलंत, मावशी."

चहावर साय धरली होती. कुणी कप उचलत नव्हतं.

अदेरोने बाळाच्या तोंडाजवळ तोंड नेलं. मला कळलं ती काय करणार आहे, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना तेच हवं होतं. इतकी सुंदर बाई, इतकी दुःखी. तिचं नाव एका जिवंत पोरीला मिळावं, यासारखा शेवट कुठल्या लेखिकेला सुचला असता?

"अविती," अदेरो म्हणाली. "अविती, तूच आहेस ना गं?"

रडं थांबलं.

पेरेझने टाळी वाजवली. झालं बारसं, म्हणाली, आता ती तळलेली मांदाझी बाहेर काढा, सेमेच्या लेकीने झाकून ठेवलीत. सगळ्या हसल्या, एकमेकींना टाळ्या देऊ लागल्या. मी मांदाझी आणायला उठले आणि बाळाकडे पाहिलं. ते आईकडे पाहत नव्हतं. आईच्या खांद्यावरून पडवीच्या पायऱ्यांकडे पाहत होतं. ओठ आत मिटून घेतलेले. चारचौघांत एखाद्या म्हातारीला भलत्याच बाईच्या नावाने हाक मारली, की ती जशी काही न बोलता ओठ मिटते, तसे.

त्यानंतर ते पोर रडलं नाही. आणि प्यायलंही नाही.

अदेरोचा नवरा मोंबासाला बंदरात कामाला. तो फोनवर रोज विचारायचा आणि रोज हिच्याकडे सांगायला नवीन काही नसायचं. दवाखान्यात तोंड पाहिलं, टाळू पाहिली, पोट चाचपलं. दोष नाही म्हणाले. नाकातून नळी घालून दूध दिलं. दूध आत जाई आणि थोड्या वेळाने तसंच बाहेर येई, न आंबता, न फाटता, कुणी सांभाळून परत केल्यासारखं. नळी काढून घरी आणल्यावर मी भेटायला गेले तर अदेरो खाटेच्या काठावर बसली होती, छातीवर ओल पसरलेली, आणि बाळ तिच्या हातात दाराकडे तोंड करून.

"आता ती विचारतही नाही, मावशी," अदेरो म्हणाली. "नुसती उभी राहते. मी चुकीचं काही बोलले का?"

सासू उयोमाहून आली होती. विल्किस्टा. उंच, सुकलेली, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी बाई. जमिनीवर पाय पसरून ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती, कारण काळजी लागली की तिच्या हाताला काही तरी लागतं. तिला इंग्रजी येत नाही. माझ्याकडे न पाहता तिने विचारलं, असं काय आहे त्या पुस्तकात, ज्याने माझ्या नातीचं तोंड बांधलं?

मी सांगू लागले. आगगाडी, मडकी, नवऱ्याचं घर. ती शेंगा सोलत राहिली. मधेच एकदा हुंकार दिला, असल्या कथा मला काय सांगता, अशा अर्थाचा. मी घड्याचं सांगितलं. चंद्रकोरींची ओळ, एक उलटी.

टरफलाचा आवाज थांबला.

"पुढे?" ती म्हणाली.

"पुढे ती सरोवरात चालत गेली."

विल्किस्टाने दाणे ओच्यातून खाली सांडले. मुद्दाम नाही, ओचाच हातातून सुटला. मग ती हळूहळू बोलू लागली. फार वर्षांपूर्वी नैरोबीची एक बाई त्यांच्या घरी आली होती. चहा घेतला, जुन्या मडक्यांचं विचारलं. चुलीमागे एका घड्याच्या गळ्याचा तुकडा पडून होता, तो हातात घेऊन तिने पुष्कळ वेळ पाहिला. हा कुणाचा, असं विचारलं. विल्किस्टाचा नवरा तेव्हा जिवंत होता. तो म्हणाला, आमच्या आजोबांची एक बहीण होती, तिचा. तिचं काय झालं? ती सरोवरात गेली, तो म्हणाला. नाव काय? नाव कुणाला आठवत नाही, असं त्याने सांगितलं.

"पाण्यात जाणं शोभून दिसतं," विल्किस्टा म्हणाली. "परक्या माणसाला सांगता येतं."

खरं असं होतं. ती बाई तापाने गेली, भावांच्या घरात, स्वयंपाकाच्या झोपडीत चुलीशेजारी. सासरहून परत आलेल्या लेकीला बापाच्या अंगणात माती देत नाहीत. तिची जागा कुंपणाबाहेर. तेवढं सगळीकडेच होतं. पण भावांनी तिला फाटकातूनही नेलं नाही. मागच्या बाजूने शेराचं कुंपण तोडलं, त्या भगदाडातून बाहेर काढलं, आणि तिचा घडा तिच्यामागे फोडला. मग तिथे पुन्हा शेर लावला. शेर कुठेही खोचला तरी जगतो. तोडून रस्त्यावर टाकला तरी मुळं धरतो. तिथे धरत नाही. विल्किस्टा नवी नवरी होऊन आली तेव्हा सासूने तिला त्या फटीपाशी नेलं होतं आणि सांगितलं होतं, इथे झाडायचं नाही, इथे धुणं वाळत घालायचं नाही, आणि इथे कुणाचं नाव घ्यायचं नाही. आणि तीच सासू दगडावर ज्वारी दळताना, कुणी ऐकत नाहीसं पाहून, म्हणायची:

*शेराच्या गं कुंपणाशी कोण उभी तिन्हीसांजा,*
*डोईचा भरला घडा कुठं उतरवू माझा.*

विल्किस्टाने ते गायलं नाही, नुसतं बोलल्यासारखं म्हटलं. बाळाने मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दारावरची नजर काढून त्याने आजीकडे पाहिलं.

अदेरो उठून सासूसमोर येऊन बसली.

"आई, नाव काय तिचं?"

विल्किस्टाने नाही म्हणून मान हलवली.

"तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच नाही सांगत. अगं, नाव लावलं की त्या नावाचं सगळं लागतं. उद्या ही मोठी होईल, हिलाही कुणी परत पाठवेल. डोईवर घडा घेऊन येईल. तेव्हा तू मला शिव्या देशील, मी मेलेली असले तरी."

मला वाटलं अदेरो रडेल. ती रडली नाही. बाळाचा हात तिने सासूच्या हातात दिला. काडीसारखा झालेला हात.

"तुम्हाला तिच्या नशिबाची भीती वाटते. मलाही वाटते. पण उद्या ही परत आली तर तिला आत घ्यायचं का नाही, हे नशीब ठरवत नाही, आई. दार उघडणारं माणूस ठरवतं. तेव्हा उघडणारं कुणी नव्हतं. आता तुम्ही आहात, मी आहे."

विल्किस्टा तो हात धरून बसली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी ऊस विकत होतं, त्याची हाक दोनदा येऊन गेली. मग तिने जमिनीवरचे दाणे एकेक करून वेचले, ओच्यात बांधले आणि उठली.

"इथे नाही घ्यायचं नाव. जिथून काढली तिथे घ्यायचं. आत्ताच निघू. अंधार पडायच्या आत."

उयोमाच्या गाडीत आम्ही चौघी होतो. पेरेझला कुणी बोलावलं नव्हतं, पण स्टँडवर तिने आम्हाला पाहिलं आणि टोपल्या शेजारणीवर टाकून चढली. वाटेभर तिने अदेरोची पिशवी मांडीवर धरून ठेवली.

घर टेकाडावर. फाटकाशी पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. विल्किस्टा अदेरोला म्हणाली, तू फाटकातून येऊ नकोस. कुंपणाच्या बाहेरून मागे जा, सेमेच्या लेकीला बरोबर घे. आणि काही झालं तरी मागे वळून पाहू नका, पाणी पाहू नका, समोर पाहा. ती आणि पेरेझ आत गेल्या.

आम्ही कुंपणाला वळसा घालून निघालो. शेर डोक्यापर्यंत वाढलेला, हिरवागार, कुठे फांदी मोडलेली तिथे पांढरा चीक ओघळून सुकलेला. मग अचानक फट आली. एक माणूस आडवं नेता येईल एवढी. दोन्ही बाजूंना शेराच्या काड्या खोचलेल्या दिसत होत्या, वर्षानुवर्षांच्या, एकीलाही पालवी नाही. आत अंगणात कोंबड्या टिपत होत्या. टिपत टिपत फटीजवळ येत आणि काही तरी आखलेलं असावं तशा तिथून माघारी वळत.

वारा नव्हता. तरी माझ्या पाठीला गारवा लागत होता, ओल्या मातीच्या घड्याजवळून जाताना लागतो तसा.

फटीच्या आत विल्किस्टा येऊन उभी राहिली. तिने डोक्यावरचं फडकं सोडलं आणि खांद्यावर घेतलं. चर्चमधली बाई ती, पण त्या क्षणी चर्चमधलं काहीच तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"आबोन्यो," ती म्हणाली.

माझ्या शेजारी अदेरोने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"आबोन्यो, उयोमाची लेक. आम्ही तुला भलत्या नावाने हाक मारली, मनावर घेऊ नकोस. पोरीला माहीत नव्हतं. आम्ही सांगितलंच नव्हतं. हे तुझ्या बापाचं अंगण. ये. आत ये."

अदेरोने पाऊल उचललं आणि तिथेच थांबली. तिचे गुडघे वाकले.

"मावशी, हिला खालून धरा. जड झालीय."

मी बाळाखाली हात घातला. ते काडीचं पोर, आणि माझे दोन्ही हात खाली गेले. मेल्या वस्तूचं वजन नव्हतं ते. हलणारं वजन होतं, आत डचमळणारं, काठोकाठ भरलेलं काही उचलल्यावर जसं एका बाजूला जाऊन पुन्हा दुसऱ्या बाजूला येतं तसं. अदेरोची मान ताठ झाली होती, हनुवटी वर, डोईवर ओझं घेतलेल्या बाईची मान असते तशी. मी मागे पाहिलं नाही. पण आमच्या मागे गवत दबलं. पायाखाली दबतं तसं, हळूहळू, आणि दबलेलंच राहिलं.

पेरेझ आत विल्किस्टाच्या मागे उभी होती. ती आमच्याकडे पाहत नव्हती. आमच्या डोक्यांवरून पलीकडे पाहत होती आणि तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

कुणी विचारलं ते मी ऐकलं नाही. अदेरोने ऐकलं असणार, कारण तिने उत्तर दिलं. जे उत्तर द्यायच्या आत तिला रोज जाग यायची, ते.

"ठेव," ती म्हणाली. "आत ये, आणि इथे ठेव."

आणि तिने पाऊल टाकलं. फटीतून आत जाताना वाळलेल्या काड्या तिच्या हातांना घासल्या. आत पोचल्याबरोबर वजन गेलं, असं एकदम की मी पुढे झोकांडले आणि पेरेझने मला सावरलं. अदेरो तिथेच जमिनीवर बसली. बाळाने तोंड उघडलं आणि मोठ्यांदा, रागावून, भुकेलं रडलं. अदेरोने त्याला छातीशी घेतलं. रडं तुटलं. मग घोटाचा आवाज येऊ लागला, घाईघाईचा, मधेच ठसका लागणारा, पुन्हा सुरू होणारा.

"आबोन्यो," अदेरो त्याच्या केसांत म्हणाली. "सावकाश गं. कुणी नेत नाही."

ऊन कुंपणावरून उतरलं. दूर सरोवरावरचे माश्यांचे खांब विरून गेले होते. मग विल्किस्टा पाणी आणायला म्हणून उठली, दोन पावलं गेली आणि थबकली.

फटीच्या आतल्या बाजूला, कधी न झाडलेल्या कोरड्या मातीत, एक ओलं वर्तुळ होतं. घड्याचं बूड टेकेल एवढं. कडेने थोडं सांडून मातीत उतरलेलं. आमच्यापैकी कुणी पाणी आणलं नव्हतं.



विल्किस्टा वाकली. बोटाची पेरं त्या ओलीवर टेकवली आणि कपाळाला लावली.

"भरलेला होता गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं, भरलेला."

मग ती उभी राहिली, आणि लांबून आलेल्या पाहुण्याचं सामान वाटेत ठेवलेलं असलं की घरातली बाई जसा अंगावरचं वस्त्र सावरून त्याला वळसा घालते, तसा त्या ओल्या जागेला वळसा घालून आत गेली.